सिमेंटविना काँक्रीटमध्ये सळईची पकड : लॅप किती ठेवावा?

गोदाकाठ
नमस्कार. मी गेली चौदा वर्षे नाशिकमध्ये इमारतींच्या संरचनेची डिझाइने करतो. सिन्नरच्या बाजूला एका प्रीकास्ट कारखान्यात फ्लाय ॲश (वीज केंद्रातील राख) आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतील मळी) वापरून, सिमेंटचा एक कणही न घालता, गटारांची झाकणे आणि कुंपणाचे खांब तयार होतात. आता तिथल्या मालकांना साडेतीन मीटर गाळ्याच्या तुळया आणि स्लॅबपट्ट्या करायच्या आहेत आणि त्यांची डिझाइने त्यांनी माझ्याकडे मागितली आहेत. काँक्रीटची दाबातील ताकद त्यांनी माझ्यासमोर क्यूब फोडून दाखवली, त्यामुळे तिच्याविषयी मला शंका नाही. माझा प्रश्न सळईचा आहे.

आय. एस. ४५६ : २००० या भारतीय मानकात एम ३० दर्जाच्या काँक्रीटसाठी साध्या गजाचा बाँड स्ट्रेस, म्हणजे पकडीचा ताण, १.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दिलेला आहे आणि टोर (कड्या असलेल्या) सळईसाठी तो साठ टक्क्यांनी वाढवून २.४ धरायचा असतो. त्यावरून फे ५०० दर्जाच्या सळईची डेव्हलपमेंट लेंग्थ, म्हणजे पूर्ण ताण घेण्यासाठी सळईने काँक्रीटमध्ये रुतायची लांबी, व्यासाच्या सुमारे ४५ पट, म्हणजे १६ मिलिमीटर सळईला ७२५ मिलिमीटर निघते. परंतु हे आकडे सिमेंटच्या काँक्रीटच्या अनुभवावरून ठरलेले आहेत. ज्यात सिमेंटच नाही, अशा काँक्रीटला ते जसेच्या तसे लावावेत का? मालकांचे म्हणणे असे की, परदेशातील चाचण्यांत या काँक्रीटची पकड जास्त मिळाली आहे, तेव्हा लॅप (जोडावर दोन सळया एकमेकींवर ठेवायची लांबी) कमी करून स्टील वाचवावे. माझे मन त्याला तयार होत नाही, पण नकाराला कारणही सांगता आले पाहिजे. जाणकारांनी कृपया लिहावे.

मुकादम_६७
मी डिझाइनचा माणूस नाही, पण आयुष्यभर सेंटरिंग आणि स्टीलचे काम करून घेतले आहे. आमचे जुने फिटर सांगत की सळईला काँक्रीट धरते ते तिच्या अंगावरच्या उठावदार कड्यांमुळे, आणि कड्यांमध्ये काँक्रीट जाऊन बसले नाही तर कागदावरच्या लांबीला अर्थ राहत नाही. सिमेंटऐवजी पिवळसर द्रावण घातलेले असे काँक्रीट मी एकदा एका कामावर हाताळले आहे. ते फार चिकट असते. थापी मारली की थापीलाच धरून बसते आणि व्हायब्रेटरची सुई बाहेर काढली की मागे भोक तसेच राहते. नेहमीच्या काँक्रीटइतकाच वेळ सुई चालवली, तर सळईच्या खालच्या अंगाला हवा अडकून राहते. आम्ही त्या कामावर एक खांब खोलून पाहिला, तेव्हा सळईच्या वरच्या बाजूला कड्यांचा ठसा अगदी स्वच्छ होता आणि खालच्या बाजूला मटकीच्या दाण्याएवढी छिद्रे ओळीने होती. माझ्या दृष्टीने प्रश्न रसायनाआधी भरणीचा आहे.

रसायनी
मुकादमकाकांनी भरणीविषयी सांगितलेले अगदी योग्य आहे. रसायनाची बाजू मी थोडी मांडतो, कारण चिकटपणाचे मूळ तिथेच आहे.

या काँक्रीटमध्ये फ्लाय ॲशमधील सिलिका आणि ॲल्युमिना कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विरघळतात आणि सोडियम सिलिकेटच्या साहाय्याने पुन्हा जोडले जाऊन त्यांचे त्रिमितीय जाळे तयार होते. जोसेफ डेव्हिडोव्हिट्स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात त्याला जिओपॉलिमर हे नाव दिले. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी भट्टीच्या स्लॅगला अल्कलीने चेतवून काँक्रीट बनवले होते. तेव्हा ही कल्पना काल-परवाची नाही.

सळईच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा. सिमेंटच्या काँक्रीटमध्ये खडीभोवती आणि सळईभोवती पाण्याचा पातळ थर जमतो आणि त्या जागी चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे, मोठे स्फटिक वाढतात. हा पट्टा बाकीच्या काँक्रीटपेक्षा सच्छिद्र आणि दुबळा राहतो. जिओपॉलिमरमध्ये असे स्फटिक तयार होत नाहीत, पाणी वर येण्याचे प्रमाणही कमी असते, आणि म्हणून सळईला लागून असलेला थर अधिक दाट बसतो. पकड जास्त मिळाल्याचे जे सांगितले जाते, त्याचे एक कारण हे आहे.

मात्र इथे पाण्याचे काम वेगळे आहे. सिमेंटमध्ये पाणी स्वतः बांधणीत भाग घेते. इथे ते मुख्यतः द्रावण वाहून नेते आणि जाळे तयार होताना बाहेर पडते. काँक्रीट चिकट झाले म्हणून कोणी बादलीभर पाणी ओतले, तर अल्कली पातळ होते आणि पकड व ताकद दोन्ही जातात. मुकादमकाका, तुमच्या त्या कामावर असे झाले होते का?

मुकादम_६७
झाले होते. दुपारच्या उन्हात मिक्सरवरच्या मुलाने पाणी घातले आणि मला संध्याकाळी कळले. ते दोन खांब आम्ही बाजूला काढून टाकले.

कौशिकी
मी पुण्यात एम. टेक. करते आहे आणि माझा प्रबंध याच विषयावर आहे, म्हणून चाचणीविषयी लिहिते. आपल्याकडे आय. एस. २७७० (भाग १) : १९६७ ही पुल-आउट चाचणी आहे. १२ मिलिमीटरपर्यंतच्या सळईसाठी १०० मिलिमीटरचा क्यूब आणि त्यापुढे २५ मिलिमीटरपर्यंत १५० मिलिमीटरचा क्यूब घ्यायचा, सळई मधोमध उभी ठेवायची, भोवती ६ मिलिमीटर गजाचे स्प्रिंगसारखे वेटोळे घालायचे आणि सळई ओढून काढायची. मोकळ्या टोकाला डायल गेज लावून सळई किती सरकते ते पाहायचे. ०.०२५ मिलिमीटर सरकताना किती भार होता याचीही नोंद करायची असते. भाराला सळईच्या रुतलेल्या पृष्ठभागाने भागले की सरासरी पकड मिळते.

इथे एक अडचण येते आणि ती मला पहिल्या तीन नमुन्यांनंतर लक्षात आली. १६ मिलिमीटर सळई १५० मिलिमीटर क्यूबमध्ये पूर्ण रुतलेली असेल, तर पृष्ठभाग सुमारे ७५४० चौरस मिलिमीटर होतो. फे ५०० सळई सुमारे १०० किलोन्यूटनला यील्ड होते, म्हणजे कायमची ताणली जाते. म्हणजे पकड १३.३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर असेल, तर सळई सुटण्याआधी स्वतःच ताणली जाते आणि पकडीचा खरा आकडा कळतच नाही. म्हणून रायलेम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत सळईचा फक्त व्यासाच्या पाचपट भाग काँक्रीटला चिकटू देतात आणि उरलेल्या भागावर प्लास्टिकची नळी चढवतात. १६ मिलिमीटरला ती लांबी ८० मिलिमीटर होते. मग सळई यील्ड होण्यासाठी २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरची पकड लागेल, आणि त्याआधी काँक्रीटच सुटते.

गोदाकाठ
धन्यवाद, कौशिकी. आमच्या मालकांकडे जो अहवाल आहे, त्यात 'सळई सुटली नाही, यील्ड झाली' एवढेच लिहिलेले आहे आणि तोच ते लॅप कमी करण्याचा पुरावा म्हणून दाखवतात. त्याचा अर्थ आता नीट कळला.

सातारा_संरचना
मला इथे ठामपणे विरोध नोंदवायचा आहे. पुल-आउट चाचणीवरून लॅपची लांबी ठरवणे चुकीचे आहे, मग काँक्रीट सिमेंटचे असो वा बिनसिमेंटचे.

सळई ओढली जाते तेव्हा तिच्या कड्या समोरच्या काँक्रीटला तिरके रेटतात. त्या रेट्याचा एक भाग सळईच्या दिशेने असतो आणि दुसरा भाग सळईपासून बाहेरच्या दिशेला, चारही बाजूंना. हा बाहेरचा रेटा सळईभोवतीच्या काँक्रीटला बांगडीसारखे ताणून फाकवतो. जपानमध्ये गोतो यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सळईभोवतीच्या भेगांमध्ये शाई सोडून नमुने कापले, तेव्हा प्रत्येक कडीपासून निघालेल्या लहान तिरक्या भेगा स्पष्ट दिसल्या. आता चाचणीच्या क्यूबमध्ये सळईभोवती सगळीकडे सत्तरएक मिलिमीटर काँक्रीट असते आणि वर वेटोळे असते, त्यामुळे क्यूब फाटत नाही आणि सळई कड्यांमधले काँक्रीट कातरून बाहेर येते. तुळईत मात्र खाली २५ मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर), शेजारची सळई ३० मिलिमीटरवर, आणि लॅपमध्ये तर दोन सळया एकमेकींना चिकटून. तिथे सळई सुटण्याच्या कितीतरी आधी कव्हर सळईच्या रेषेत फाटते.

तेव्हा लॅपची ताकद काँक्रीटच्या ताणातील ताकदीवर, कव्हरवर आणि सळयांभोवतीच्या रिंगांवर ठरते. क्यूबमध्ये दिसलेली घट्ट पकड तिथे उपयोगी पडेलच असे नाही.

वैदेही
साताऱ्याच्या मित्रांचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष या काँक्रीटच्या बाजूचाच आहे, असे मला वाटते. मी गेली नऊ वर्षे ब्रिस्बेनमध्ये आहे. इकडे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात तुळईच्या टोकाच्या नमुन्यांवर चाचण्या झाल्या, म्हणजे क्यूबमधल्या नव्हेत, तर प्रत्यक्ष कव्हर असलेल्या नमुन्यांवर. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, सारख्याच दाबताकदीच्या सिमेंट काँक्रीटपेक्षा फ्लाय ॲशच्या जिओपॉलिमरची पकड जास्त आढळली, आणि कारण दिले गेले ते जिओपॉलिमरच्या जास्त ताणताकदीचे. तुम्ही म्हणता तसेच कव्हर फाटण्यावर सगळे अवलंबून असेल, तर ताणात बळकट असलेले काँक्रीट उशिरा फाटेल.

प्रत्यक्ष बांधकामही आहे. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्लोबल चेंज इन्स्टिट्यूटच्या इमारतीत २०१३ मध्ये जिओपॉलिमरच्या ३३ प्रीकास्ट तुळया बसवल्या. त्या मी उभी राहून पाहिल्या आहेत. खालून त्या मोकळ्या ठेवल्या आहेत आणि रंग साध्या काँक्रीटपेक्षा थोडा उजळ दिसतो. तूवूंबाजवळच्या वेलकँप विमानतळावर तर २०१४ च्या सुमारास सुमारे ४०,००० घनमीटर असे काँक्रीट ओतले गेले.

सातारा_संरचना
वैदेहीताई, विमानतळाचे उदाहरण इथे लागू होत नाही. विमानतळाच्या फरशीच्या जाड काँक्रीटमध्ये लॅपचा प्रश्न येतच नाही. तुळयांचे उदाहरण मात्र मोलाचे आहे. तरी एक विचारतो : पर्थचे नमुने भट्टीत उष्णता देऊन क्युअर केलेले होते ना?

वैदेही
होय, उष्णता दिलेलेच होते. फक्त फ्लाय ॲश असेल तर ६० ते ८० अंश सेल्सिअसला चोवीस तास ठेवावे लागते, नाहीतर ते फार हळू घट्ट होते.

रसायनी
आणि म्हणूनच सिन्नरचा कारखाना स्लॅग घालत असणार. स्लॅगमधील कॅल्शियममुळे काँक्रीट उघड्यावरच घट्ट होते, वाफ द्यावी लागत नाही. पण स्लॅगचे प्रमाण वाढले की सुकताना आकुंचन वाढते. उष्णता दिलेल्या फ्लाय ॲशच्या काँक्रीटचे आकुंचन फार कमी असते, अल्कलीयुक्त स्लॅगचे मात्र सिमेंट काँक्रीटपेक्षाही जास्त होऊ शकते. आकुंचनाने सळईभोवती काँक्रीट आवळले जाते हे खरे, परंतु कव्हर पातळ असेल तर सळईच्या रेषेतच केसासारखी भेग पडते. अशी भेग पडलेल्या जागी लॅपची ताकद भार येण्याआधीच घटलेली असते. तेव्हा पर्थचा आकडा सिन्नरला लावता येणार नाही. मिश्रण वेगळे, क्युरिंग वेगळे.

दीपनगरचा
मी भुसावळजवळ औष्णिक वीज केंद्राच्या शेजारी वाढलो. आमच्याकडे राखेच्या तलावांवरून वारा सुटला की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागत, म्हणून ही राख कोणाच्या घराच्या तुळईत जाते आहे, हे वाचून मला मनापासून आनंद होतो. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे, सगळीकडे हीच राख आहे. परंतु एक सांगतो : ती रोज सारखी नसते. कोळसा बदलला, भट्टीवरचा भार बदलला की राखेचा बारीकपणा आणि तिच्यात उरलेला न जळलेला कोळसा बदलतो. राखेच्या तलावातून उपसलेली ओली राख आणि हॉपरमधून घेतलेली कोरडी राख यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. गोदाकाठ, कारखान्यात प्रत्येक टँकरची तपासणी होते का, हे जरूर पाहावे.

चुनेगच्ची
विषयाला थोडे सोडून विचारते, क्षमस्व. आमच्या कोकणातल्या घराला घाण्यात मळलेल्या चुन्याचे बांधकाम आहे आणि ते दीडशे वर्षे उभे आहे. तेही बिनसिमेंटचेच. मग त्यात सळई का घालत नाहीत?

रसायनी
प्रश्न विषयाला सोडून नाही, उलट तो विषयाच्या मुळाशी जातो. ताज्या चुन्यात अल्कलीपण भरपूर असते, पण हवेतील कर्बवायू शोषून चुन्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो आणि ते अल्कलीपण संपते. तसे झाले की लोखंडाला गंजण्यापासून अडवणारा अतिपातळ थर टिकत नाही. शिवाय चुन्याला ताणात ताकद नाही, म्हणून कड्यांच्या रेट्याने तो लगेच फाटेल.

जिओपॉलिमरपुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. सिमेंटच्या काँक्रीटमध्ये मोकळ्या चुन्याचा साठा असतो आणि कर्बवायू आत शिरला तरी तो साठा काही काळ सळईचे रक्षण करतो. जिओपॉलिमरमध्ये सुरुवातीला अल्कलीपण उत्तम असते, पण तसा साठा नसतो. पृष्ठभागावर पांढरा क्षार फुटलेला दिसतो, तो बाहेर आलेल्या सोडियमचाच कार्बोनेट. म्हणून काँक्रीट किती दाट भरले आहे आणि कव्हर किती आहे, यावर सळईचे आयुष्य ठरते. आणि गंज धरला की पकडीचे काय होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे : गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि कव्हर आतून फोडतो.

सिमेंट_का_सोडावे
सगळे पकडीविषयी बोलत आहेत, पण सिमेंटमध्ये एवढे काय वाईट आहे? एवढ्या शंका असतील तर सिमेंटच वापरावे.

वैदेही
सिमेंटची भट्टी तापवायला इंधन लागते, एवढाच प्रश्न असता तर इंधन बदलता आले असते. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कर्बवायू बाहेर पडतो आणि तो इंधन बदलून थांबत नाही. जगातील मानवनिर्मित कर्बवायूपैकी सात-आठ टक्के सिमेंटमुळे होतो. जिओपॉलिमरही पूर्ण निर्दोष नाही, कारण सोडियम सिलिकेट बनवायला सोडा आणि वाळू भट्टीत वितळवावी लागते आणि कॉस्टिक सोड्याला वीज लागते. तरीही फरक मोठा पडू शकतो. पण त्यासाठी लॅप तोकडा करून एखादी तुळई पडली, तर हा मार्गच वीस वर्षे मागे जाईल. म्हणून या धाग्यातील शंका मला अडथळा वाटत नाहीत.

मुकादम_६७
एक गोष्ट राहून गेली. कॉस्टिकचे तुकडे पाण्यात टाकायचे, तुकड्यांवर पाणी ओतायचे नाही. द्रावण उकळी फुटल्यासारखे तापते. आमच्या एका मजुराच्या मनगटावर त्याचा थेंब पडला आणि जखम महिनाभर भरली नाही. हातमोजे आणि चष्मा नसेल तर काम सुरूच करू देऊ नये. आणि शटरिंगला तेल लावताना ते सळईवर सांडू देऊ नये. हे काँक्रीट साच्याला फार चिकटते, म्हणून पोरे तेल जरा सढळ हाताने लावतात, आणि तेल लागलेली सळई कोणतेही काँक्रीट धरत नाही.

कौशिकी
मुकादमकाका, तेलाचा मुद्दा मी प्रबंधात घालणार आहे. आणखी एक : क्यूबमध्ये सळई उभी असते, तुळईत आडवी. तुम्ही सांगितलेली खालच्या बाजूची छिद्रे क्यूबमध्ये दिसणारच नाहीत. वरच्या थरातील सळईची पकड कमी धरण्यासाठी अमेरिकी संहितेत लांबी १.३ पट करतात, त्यामागेही हेच कारण आहे.

गोदाकाठ
तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. आपण सांगितल्याप्रमाणे कारखान्यात सहा नमुने ओतून घेतले. त्यांपैकी तीन नेहमीचे क्यूब होते आणि तीन नमुने आडवी सळई व २५ मिलिमीटर कव्हर ठेवून केलेले. क्यूबमध्ये सळई यील्ड झाली, म्हणजे मालकांच्या अहवालात होते तेच घडले. आडव्या तिन्ही नमुन्यांत मात्र सळई यील्ड होण्याआधीच कव्हर फाटले आणि आवाज फटाक्यासारखा आला. नेहमीच्या काँक्रीटमध्ये भेग हळूहळू वाढताना दिसते, तशी सूचना इथे फारशी मिळाली नाही. फाटलेला तुकडा हातात घेतला तर कड्यांचे ठसे इतके रेखीव होते की सळईच्या कारखान्याचे उठावाचे अक्षरसुद्धा उलटे वाचता येत होते. रसायनीसाहेबांचा दाट थर आणि साताऱ्याच्या मित्रांचा फाकवणारा रेटा, दोन्ही त्या एका तुकड्यात दिसले. एका नमुन्यात सळईच्या खालच्या अंगाला मुकादमकाकांची छिद्रेही सापडली.

मालकांना तो तुकडा दाखवला आणि लॅप कमी करण्याचा विषय संपला. आता लांबी आय. एस. ४५६ प्रमाणे पूर्ण ठेवली आहे. कव्हर ३५ मिलिमीटर केले आहे. लॅप गाळ्याच्या मध्यावर येऊ न देता एका छेदात निम्म्याहून अधिक सळया जोडायच्या नाहीत, आणि लॅपच्या संपूर्ण लांबीत रिंगा जवळ जवळ घ्यायच्या, असे ठरले आहे. साडेतीन मीटरच्या तुळयांना बारा मीटरच्या सळईतून तीन अखंड तुकडे निघतात, त्यामुळे खालच्या सळईला लॅपच न देणे हा सर्वांत सरळ उपाय निघाला आणि तो एका फिटरनेच सुचवला. आय. एस. १७४५२ : २०२० मध्ये अल्कलीयुक्त काँक्रीटच्या प्रीकास्ट वस्तूंसाठी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, तीही मालकांना वाचायला दिली.

सातारा_संरचना
अखंड सळई हा निर्णय उत्तम. टोकांशी आधारावर सळई किती आत जाते, तेवढे मात्र तपासा, कारण लॅप टाळला तरी टोकाची पकड टळत नाही. जागा अपुरी असेल तर सळई वर वाकवून घ्या. आणि पूर्ण तुळईवर भार ठेवून वाक मोजा. फ्लाय ॲशच्या जिओपॉलिमरचा इलॅस्टिसिटीचा मोड्युलस, म्हणजे ताठपणा, सारख्या ताकदीच्या सिमेंट काँक्रीटपेक्षा बहुधा कमी असतो, त्यामुळे तुळई गणितापेक्षा जास्त वाकू शकते.

गोदाकाठ
टोकाला आधाराची रुंदी २३० मिलिमीटर आहे, म्हणून सळई काटकोनात वर वळवली आहे. दोन तुळया पुढच्या सोमवारी वाळूच्या पोत्यांनी भारायच्या आहेत. मध्यावर आणि दोन्ही आधारांजवळ डायल गेज लावू.

मुकादम_६७
पोती दोन्ही टोकांकडून मध्याकडे रचत या आणि तुळईखाली दोन इंच अंतर सोडून लाकडी घोडे ठेवा. आवाज फटाक्यासारखा येतो म्हणता, तर खाली कोणी वाकून बघायला जाऊ नये.